किती पाण्यात

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला अनोळखी माणूस जिलबी येईपर्यंत दोन गोष्टी विचारतो. गाव कोणतं, आणि काय करता. पहिल्याचं उत्तर सोपं असतं. दुसऱ्याला मी "माती तपासतो" म्हटलं की त्याचा चेहरा उजळतो. "अरे वा! नत्र, स्फुरद, पालाश का?" आणि तिथून त्याच्या मेहुण्याच्या डाळिंबाच्या बागेचा विषय निघतो. मग त्याला मध्येच अडवून सांगावं लागतं, की आमच्याकडे येणाऱ्या मातीत काही उगवू नये अशीच आमची इच्छा असते. रस्त्याचा भराव, धरणाची भिंत, इमारतीचं जोतं अशा ठिकाणी जाणारी ती माती. तिच्यात गवताची मुळी सापडली तरी आम्ही नाक मुरडतो.

"मग तपासता काय?"

"ती किती पाण्यात आहे, ते."

तो हसतो. त्याला वाटतं मी कोटी केली. याच कोटीवर मी एकतीस वर्षं पगार घेतला, हे त्याला सांगत नाही. तोवर जिलबी आलेली असते.

गोष्ट तशी घरगुती आहे. कोरडी माती कितीही बडवा, कण एकमेकांना अडून बसतात आणि दबत नाहीत. थोडं पाणी शिंपडलं की ते सरकतात, एकमेकांच्या फटीत शिरतात, मधली हवा बाहेर पडते आणि माती घट्ट होते. आणखी थोडं पाणी, आणखी घट्ट. पण मग अशी वेळ येते की पाणीच जागा अडवू लागतं. धुमस मारली तर माती दबण्याऐवजी बाजूने उचलते, ओल्या गादीवर मूल नाचावं तशी. या दोन अवस्थांच्या मधलं जे बेताचं पाणी, ते शोधून काढायचं. पुस्तकात त्याला 'इष्टतम आर्द्रता' म्हणतात. पुस्तकाबाहेर हा शब्द उच्चारताना मी कोणाला ऐकलेलं नाही. साइटवर मुकादमापासून रोलरवाल्यापर्यंत सगळे ओएमसी म्हणतात, आणि त्या पाण्याला माती जितकी घट्ट बसते त्याला एमडीडी. दहावी नापास झालेला टँकर ड्रायव्हर "साहेब, ओएमसीला दोन कमी आहे, एक फेरी मारू का?" असं विचारतो, तेव्हा मला विद्यापीठांची काळजी वाटत नाही.

ही परीक्षा ज्याने बसवून दिली तो रॅल्फ प्रॉक्टर लॉस एंजेलिसच्या पाणीखात्यात इंजिनिअर होता. तिथलं सेंट फ्रान्सिस नावाचं काँक्रीटचं धरण मार्च 1928 मध्ये ऐन मध्यरात्री फुटलं आणि चारशेहून जास्त माणसं गेली. त्याच्या बदल्यात पाणी साठवायला खात्याने बुके कॅनियनमध्ये मातीची धरणं बांधायला घेतली. लोकांचा काँक्रीटवरचा विश्वास नुकताच उडालेला, आणि आता माती! ती किती दाबली म्हणजे पुरे, याला काहीतरी माप हवं होतं. प्रॉक्टरने ते शोधलं आणि 1933 साली एका अभियांत्रिकी साप्ताहिकात लेखमाला लिहून मोकळा झाला. आपण मुंबई-पुण्याकडे त्याला पुरता मराठी करून टाकला आहे. त्याचं सामान्यनाम झालं. "आज दोन प्रॉक्टर झाले, तिसरा भिजत घातलाय," असं आमच्याकडे रोज बोललं जायचं. नव्याने आलेल्या कारकून बाई पहिल्या दिवशी दचकल्या होत्या.

परीक्षेचं सामान बघून कोणी प्रभावित होत नाही. एक लोखंडी डबा, बरोबर 1000 घनसेंटिमीटरचा. त्याला वर एक गळपट्टी. आणि नळीत वरखाली होणारा एक हातोडा. हलक्या परीक्षेला हातोडा 2.6 किलोचा, पडायचा 310 मिलिमीटर उंचीवरून. माती तीन थरांत, दर थराला 25 दणके. पुढे रोलर अवजड झाले, विमानं वजनदार झाली, तेव्हा भारी परीक्षा आली. तिचा हातोडा 4.9 किलोचा, उंची 450 मिलिमीटर, थर पाच. हिशोब केला तर भारी परीक्षेत माती साडेचार पट मार खाते. आणि गंमत अशी, की जास्त मार खाणाऱ्या मातीला पाणी कमी पुरतं. यावरून शिक्षणशास्त्रात काही निष्कर्ष काढू नयेत, असं मी आमच्या हाताखाली आलेल्या पोरांना बजावत असे.

एका मातीला निदान पाच वेळा डबा भरावा लागतो, दर वेळी थोडं जास्त पाणी घालून. म्हणजे भारी परीक्षेचे 625 दणके. डबा पक्क्या काँक्रीटच्या जमिनीवर ठेवायचा असा नियम आहे, म्हणून मातीची लॅब कायम तळमजल्यावर. आमच्या भिंतीपलीकडे हिशेबाचं एक कार्यालय होतं. मार्चअखेरीला तिथले एक गृहस्थ येऊन हात जोडून म्हणाले, "मसाला कांडून घ्यायचा असेल तर माझ्या ओळखीची डंकीण आहे हो."

कांडणारे आमचे मामा होते. सरकारी असो की खासगी, लॅबमध्ये हातोडा ज्याच्या हाती तो मामाच. आमचे मामा शेवगावकडचे. त्यांचे वडील पैठणला जायकवाडीच्या कामावर होते, टँकरमागून मातीवर पाणी मारायला. 1965 ला पायाभरणी आणि 1976 ला उद्घाटन, मध्ये दहा किलोमीटर लांब मातीची भिंत उभी राहिली. त्या दहा किलोमीटरवर वडिलांनी पाणी मारलंय, ही मामांची खानदानी. नाथसागरात पाणी किती टक्के आलं याची बातमी ते अशा आवाजात वाचत, जणू बाप अजून कामावर आहे.

मामा दणके मोजायचे ते धान्य मोजावं तसे. खळ्यावर पायली मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मामांचा हातोडा पडायचा तो असा: लाभ, दोन, तीन, चार. एका शहरी पोराने हे आठवडाभर ऐकलं आणि समजूत करून घेतली की लाभ म्हणजे देवाच्या नावाचा एक जादाचा. तो स्वतः कांडायला बसला की आधी "लाभ" म्हणून एक मारायचा आणि मग एकपासून पंचवीस. त्याच्या सगळ्या माती किंचित जास्त घट्ट येत होत्या. आम्ही वजनकाटा तपासला, डबा तपासला, हातोड्याची उंची फूटपट्टीने मोजली. शेवटी मामांच्या कानाने चोर पकडला.

या सगळ्या कामात मजेचा क्षण एकच. डबा भरायचा, कडेने छाटायचा, काट्यावर ठेवायचा. आतल्या मातीचं वजन 1820 ग्रॅम. पाणी वाढवून पुन्हा: 1940. पुन्हा: 2050. मग 2110. आता सगळे काट्याभोवती गोळा होतात. चहावाला पोऱ्याही थांबतो. पाचवा डबा: 2080! उतरलं! पाणी जास्त घातलं आणि डबा हलका झाला. एकतीस वर्षांत हे मी कितीदा पाहिलं असेल, पण दर वेळी बरं वाटलं. वजन उतरल्यावर आमच्या घरीही आनंद होतो, पण तो क्वचित.

वजन उतरलं म्हणजे शिखर मागे गेलं. मग आलेख काढायचा, खाली पाणी, उभं कोरडी घनता. टेकडीसारखी रेघ येते. तिच्या उजवीकडे आणखी एक तिरकी रेघ असते, मातीत हवेचा कणही उरला नाही तर काय होईल हे सांगणारी. ती लक्ष्मणरेषा. कोणाचीही टेकडी ती ओलांडू शकत नाही, कारण हवा शून्याच्या खाली जात नाही. पण कंत्राटदारांकडून येणाऱ्या काही रजिस्टरांत ती ओलांडलेली दिसे. तिथे ओळखायचं, की ही परीक्षा टेबलावर बसून, चहाबरोबर झालेली आहे. एका रजिस्टरात सबंध जुलै महिना मातीतलं पाणी 11.4 टक्के होतं. जुलै! मी फोन करून विचारलं, की तुमच्याकडे पाऊस नाही का? पलीकडचा माणूस म्हणाला, "आहे ना साहेब, दोन दिवस काम बंदच आहे." त्या दोन दिवसांचे आकडेही रजिस्टरात होते.

पाणी मोजायची खरी रीत फार संथ आहे. ॲल्युमिनियमच्या नंबर टाकलेल्या डब्या असतात. एकीत ओली माती घ्यायची, वजन करायचं, 105 ते 110 अंशांच्या भट्टीत रात्रभर ठेवायचं, सकाळी पुन्हा वजन. जे गेलं ते पाणी. त्याला भागायचं ते कोरड्या मातीच्या वजनाने, ओल्या मातीच्या नव्हे. त्यामुळे पाणी शंभर टक्क्यांच्या वरही जाऊ शकतं. मेक्सिको शहराखालच्या तळ्याच्या गाळात ते तीनशेच्या पुढे जातं. हे ऐकून पहिल्या वर्षाच्या पोरांचे चेहरे बघावेत. शाळेत शंभराच्या वर गुण कधी कोणाला मिळालेले नसतात.

साइटवर रात्रभर कोण थांबणार? तिथे कढईत माती भाजतात. अगदी शेंगदाण्यासारखी, उलथन्याने हलवत. कढई कोणाच्या घरची, हे विचारायचं नसतं. किंवा मग एक स्टीलची बंद बाटली असते. तीत 6 ग्रॅम माती आणि कॅल्शियम कार्बाइडची भुकटी टाकून हलवायचं. आंबे पिकवायला बंदी असलेलं कार्बाइड ते हेच. ते मातीतल्या पाण्याशी मिळून गॅस करतं आणि गॅसच्या दाबाने काटा फिरतो. पाच मिनिटांत उत्तर. फक्त हा काटा ओल्या वजनावर टक्के दाखवतो. काटा 20 म्हणाला तर खरं पाणी 25 टक्के. हा फरक विसरून आमच्या एका पोराने अर्धा दिवस टँकर फिरवला होता. दुपारी रोलर रुतला. रोलर काढायला जेसीबी आला, जेसीबीला बाहेर काढायला दुसरा जेसीबी आला. माती खाणे या वाक्प्रचाराचा अर्थ मी त्याला वेगळा सांगितला नाही.

मामांना बाटली लागत नसे. मूठभर माती घ्यायची, आवळायची, उघडायची. गोळा विस्कटला, "अजून एक घोट लागतोय." बोटांचे ठसे उमटून गोळा टिकला, "आली." तळहात चकाकला, "गेली." आणि ते बहुतेक वेळा बरोबर असे. आता तुम्हाला वाटेल, की यंत्रापेक्षा अडाणी माणसाचा हात मोठा, ही गोष्ट मी सांगणार. तसं नाही. एकदा परळीच्या औष्णिक केंद्राची राख भरावाला चालेल का, ते बघायला गोणी आल्या. मामांनी मूठ आवळली आणि पंधरा टक्क्यांनाच "आली" म्हणून जाहीर केलं. वजन मात्र चढतच राहिलं. अठरा, एकवीस, चोवीस. टेकडी उगवायचं नाव घेईना, नुसतं माळरान. राख शेवटी अठ्ठावीस टक्क्यांना वळली. मामांनी त्या गोणीला पुन्हा हात लावला नाही. "साहेब, ही माती नाही. राख दहाव्याला सावडायची असते, मुठीत धरायची नसते." दहाव्याला नव्हे, तिसऱ्या दिवशी सावडतात, असं कोणीतरी म्हणालं. पण मामा त्या दिवशी चुका दुरुस्त करून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हते.

मामांची मूठ कुठे तयार झाली होती, ते मला दुसऱ्या पावसाळ्यात कळलं. चार दिवस झड लागून उघडीप पडली, की मामा रजेचा अर्ज घेऊन हजर. कारणाच्या रकान्यात एकच शब्द: वाफसा. या शब्दाला दुसऱ्या कुठल्या भाषेत जोडीदार असेल तर मला माहीत नाही. पाऊस पडून गेल्यावर माती न चिकटता, ढेकूळ न होता, औताखाली मोकळी होते ती वेळ. ती दोन-तीन दिवस टिकते आणि कोणासाठी थांबत नाही. आधी औत घातलं तर चिखल, उशीर केला तर ढेकळं. मामा म्हणायचे, "तिकडं मोकळी करून येतो, मग हाय इकडं दाबायला."

मी कितीतरी दिवस यावर विचार केला. ओलावा जवळपास तोच, मूठही तीच. शेतकरी त्या ओलीला माती मोकळी करतो कारण त्याला मुळांपाशी हवा हवी असते. आम्ही त्याच ओलीला ती बडवतो, कारण आम्हाला हवा हाकलायची असते. मातीचं मात्र म्हणणं एवढंच दिसतं, की जे काय करायचं ते या दोन दिवसांत करा. मी मामांची रजा कधी नाकारली नाही. उलट त्यांच्या अर्जावरून मी साइटवर निरोप धाडत असे, की पावसाने बंद पडलेला भराव उद्यापासून चालू करायला हरकत नाही.

काळ्या मातीचं प्रकरण निराळं. तिला पाणी घातलं आणि लगेच कांडलं तर ती आकडा खोटा देते. वरून भिजते, गोळीच्या पोटात कोरडी. तिला पाणी चोळून, झाकण लावून निदान 16 तास मुरवावं लागतं. अनारशाचं पीठ ज्यांनी केलंय त्यांना यात काही नवल वाटणार नाही. पण तिचं तेवढ्यावर भागत नाही. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचे पापुद्रे मधल्या फटींत पाणी ओढून घेतात आणि माती फुगते. उन्हाळ्यात तेच पाणी सोडून आकसते आणि भेगा पडतात. हे फुगणं मोजायची परीक्षा मला सगळ्यांत आवडते. काचेची दोन नळकांडी, दोन्हींत दहा-दहा ग्रॅम चाळलेली माती. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. दुसऱ्या दिवशी बघायचं. रॉकेलमधली मुकाट तळाशी बसलेली असते. पाण्यातली दुप्पट झालेली. फुगवटा पन्नास टक्क्यांच्या वर गेला की रस्त्याच्या भरावाला ती चालत नाही. रॉकेल रेशनवर मिळेनासं झाल्यापासून हे मुकाट बसणं महाग पडतं, तो भाग वेगळा.

हे सगळं प्रयोगशाळेने शोधलं असं मी पूर्वी समजत होतो. मग लक्षात आलं की आपल्या गावगाड्याच्या भाषेत ते आधीच लिहून ठेवलेलं आहे. शेत म्हणजे काळी आणि गावठाण म्हणजे पांढरी. गाव काळीवर वसवत नाहीत. पिकायला काळी, राहायला पांढरी. धाब्यावर, भिंतीला माती आणायची ती पांढरीची. पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरात ज्या दोन शब्दांवर सगळा महसूल चालला, त्यांच्यात पायाचा सल्ला फुकट होता. आता काळीचे एनए प्लॉट पडतात, आणि तिसऱ्या वर्षी कंपाउंडच्या भिंतीला तड्यांची जिन्यासारखी नक्षी उमटली की लोक वास्तुशास्त्रवाल्याला बोलावतात.

लॅबमध्ये ठरलेली घनता साइटवर खरोखर आली की नाही, हे बघायचं काम उन्हातलं. दाबलेल्या थरात वाटीएवढा खड्डा खणायचा, निघालेली माती कण न सांडता पिशवीत भरायची, आणि खड्ड्यात चाळलेली कोरडी वाळू एका नळकांड्यातून सोडायची. किती वाळू मावली त्यावरून खड्ड्याचं आकारमान कळतं. रस्त्याच्या कडेला दोन माणसं उकिडवी बसून हे करत असली की येणारा-जाणारा थांबतोच. काहींना गुप्तधन वाटतं, काहींना करणी. एकदा डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी बराच वेळ बघत उभी राहिली.

"काय पुरतो रं बाबा?"

"वाळू, आजी."

"सोन्याच्या भावाची वाळू, अन् खड्ड्यात?"

"मोजली की परत काढून घेणार."

"मग घातली कशाला?"

याचं उत्तर एकतीस वर्षांत मला दोन वाक्यांत देता आलेलं नाही.

वाळू पडत असताना आसपास रोलर चालता कामा नये. हादऱ्याने खड्ड्यातली वाळू दबते, जास्त मावते, खड्डा मोठा वाटतो आणि घनता कमी येते. म्हणजे कंत्राटदाराचाच रोलर कंत्राटदाराला नापास करतो. हे समजावूनही सुपरवायझर ऐकत नाहीत, त्यांना डिझेलची घाई असते. एका सुपरवायझरचा मात्र एकदा 104 टक्के निकाल आला. लॅबपेक्षाही घट्ट! त्याने तो कागद मोबाइलवर फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला. साइटवर शंभराच्या थोडं वर जाणं अशक्य नसतं, पण चार म्हणजे संशयाला जागा. मी रस्त्यावरचाच मुरूम गोणीत भरून आणला. लॅबमध्ये आधी तपासलेल्या मुरमाची घनता 1.85 होती, हा निघाला 2.02. आधीची टेकडी संपली होती, आणि आठवडाभर दुसऱ्या टेकडीचा मुरूम येत होता. नव्या हिशोबाने त्याचे 104 चे झाले 95. भरावाच्या सगळ्यांत वरच्या थराला 97 लागतात. थर उकरून, पाणी मारून पुन्हा दाबावा लागला. ग्रुपवरचा फोटो त्याने काढला नाही. मी दोनदा पाहिलं.

एवढ्या कडक माणसाचं स्वतःचं घर कसं असेल, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. आम्ही उपनगरात प्लॉट घेऊन घर बांधलं. जोत्याची भर पडली त्या मे महिन्यात मी दीडशे किलोमीटरवर एका महामार्गाचा थर 96 आला म्हणून नाकारत बसलो होतो. इकडे ठेकेदाराने तीन फुटांची भर ट्रॉल्यांनी एकदम ओतली. पाणी नाही, कारण टँकर महाग. वरून चार माणसं चालली, तीच दबाई. मी परत आलो तेव्हा वर कोबा झालेला होता. हाताने ठोकून पाहिलं, दगडासारखा लागला. उन्हाळ्यात सगळंच लागतं. कोरडा ओतलेला मुरूम मेमध्ये छाती काढून उभा असतो. पहिलं पाणी पोटात गेलं की खाली बसतो.

सप्टेंबरात पार्किंगच्या फरशा पोकळ वाजू लागल्या. दिवाळीत स्कूटरचं स्टँड एका कोपऱ्यात चार बोटं आत गेलं. एका रविवारी मी लॅबमधून नळकांडं आणि वाळू घरी आणली, फरशी काढली आणि खड्डा खणला. ही दारात उभी राहून बघत होती. वाळू पडली, वजनं झाली, डबी भट्टीत गेली. दुसऱ्या दिवशी निकाल आला. 83 टक्के.

मी आयुष्यभर ऐंशीच्या घरातल्या निकालावर एकच मजकूर लिहीत आलो होतो: सदर थर नामंजूर, उकरून पुन्हा करावा. ही म्हणाली, "लिहा की पत्र. पत्ता मी सांगते."

मामा निवृत्त झाले होते, तरी बघायला आले. त्यांनी खड्ड्यातला मुरूम मुठीत धरला, आवळला, सोडला. तो बोटांतून पीठ गळावं तसा गळाला. मामा काही बोलले नाहीत. चहा पिताना एवढंच म्हणाले, "साहेब, त्या दिवशी रजा टाकायला पाहिजे होती तुम्ही."

तर तुमचं घर बांधून व्हायचं असेल, तर जोत्यात भर पडेल त्या दिवशी रजा टाका. कारणाच्या रकान्यात काहीही लिहा. एका वेळी वीतभर जाडीचाच थर पसरायला लावा. मूठभर मुरूम घेऊन आवळा. गोळा होत नसेल तर पाणी मारायला सांगा, तळहात ओला झाला तर दोन उन्हं जाऊ द्या. बोटांचे ठसे उमटून गोळा टिकला की धुमस चालू करू द्या, आणि तो थर पुरा बसेपर्यंत दुसरी ट्रॉली फाटकातून आत घेऊ नका.

फरशीवाल्याला त्यानंतर फोन करा.